उकिडवं

सोहारला माझ्या खोलीत एक पलंग,
चालायला शिकवणारे दोन समांतर दांडे
आणि खिशात पारदर्शक कोनमापक.
मी गुडघे मोजते.

हुमनाथ परांचीवरून पडला होता.
आला तेव्हा चाळीस अंश.
पलंगाच्या कडेला पाय असा धरून बसला
जसा तो दुसऱ्या कुणाचा होता,
याला फक्त सांभाळायला दिलेला.

जूनमध्ये नव्वद. म्हणजे खुर्ची.
नव्वदात पुष्कळ भागतं: ऑफिस, विमान, कमोड.
एकशेदहाला जिना.
एकशेवीसला विम्याचा फॉर्म म्हणतो, बरा.
चालतो? हो. चढतो? हो. वीस किलो उचलतो? हो.
मी सही केली.

तो उठेना.
"दिदी, टुक्रुक्क?"

मला कळेना. मग त्यानं दोन्ही कोपरं हवेत दुमडली,
गुडघे असावेत तशी,
आणि मधे हनुवटी ठेवली.
अगं बाई, उकिडवं!

फॉर्मवर तो रकाना नाही.
फॉर्म ज्यांनी केला त्यांच्या टाचा उचलल्या जातात.
सेफ्टीवाला डंकन एकदा पैजेवर बसायला गेला
आणि हेल्मेटसकट मागे कलंडला.
वाळू झटकत म्हणाला, तुम्ही लोक हे करता कसं?

करत काय?
हे तर न करणं आहे.
बसलं म्हणावं तर बूड टेकलेलं नाही,
उभं म्हणावं तर सगळा भार उतरवून ठेवलेला.
जमीन ओली असेल, तापलेली असेल,
दुसऱ्याची असेल,
तर माणूस तिच्यावर एवढाच टेकतो:
दोन तळवे.

पहाटे मासळीबाजारात खलफान
दिशदाशाचा घोळ मांड्यांत खोचून बसतो,
समोर सुरमया, पलीकडे बलुची गिऱ्हाईक,
तोही तसाच. भाव काही उभ्यानं ठरत नाही.
त्याला विचारलं, याला काय म्हणता?
कुरफुसा.
मग मी विचारतच सुटले.
व्हॅनचा ड्रायव्हर, सियालकोटचा: उकडू.
सिस्टर लीलाम्मा: कुंतिच्च.
फरशी पुसणारा मोफज्जल: उबू.
एक उबू सोडला तर सगळ्यांत क आहे,
कटकन वाकणाऱ्या सांध्याचा.

त्या रात्री स्वयंपाकघराचं दार लावून
मीही बसून पाहिलं.
आई अशी अख्खी ओहोटी बसायची,
खाडीच्या खडकांवर कालवं फोडत,
उठताना हाताचा आधारही घेत नसे.
आणि मी, सोळा वर्षं ओट्याशी उभी राहिलेली.
टाचा फरशी सोडून उठल्या.
फ्रिजला धरलं.
दुसऱ्यांचे गुडघे मोजणाऱ्या बाईनं
स्वतःचा घोटा कधी मोजला नव्हता.

हुमनाथला सांगितलं, शुक्रवारी येत जा,
फाइलमध्ये लिहिणार नाही.
तो म्हणाला, कॅम्पच्या गेटावर बसची वाट बघताना
सगळे खाली असतात आणि मी वर.
चहाचा थर्मास गुडघ्यांच्या उंचीवर फिरतो.
कुणी मुद्दाम टाळत नाही, दिदी.
बोलणंही तिथंच चालतं, खाली.
वर नुसतं ऊन.

एकशेतीस. एकशेचौतीस.
टाचेखाली मी माझी जाडजूड डिक्शनरी दिली.
दर शुक्रवारी थोडी पातळ वस्तू:
मग रजिस्टर, मग दुमडलेला टॉवेल.
ऑगस्टच्या अखेरीस तो यायचा थांबला.
फोन लागेना.

काल सहाच्या सुमारास त्या गेटावरून गेले.
गाडी हळू केली.
कुंपणाच्या सावलीच्या अरुंद पट्टीत
सतरा जण, पिवळ्या जाकिटांत, रस्त्याकडे तोंड करून.
मी उभा असलेला माणूस शोधत होते.

पुन्हा पाहिलं.
सतरा डोकी, एकाच उंचीवर.
थर्मास मधे कुठेतरी होता.
त्यातला तो कोणता, ते मला ओळखता आलं नाही.

मागून टँकरनं हॉर्न दिला.